सोंग पोराच्या वयाचं असू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कुडाळात गेली सव्वीस वर्षं शिवणकाम करतेय. फॉल-पिको, ब्लाउज, परकर हे रोजचं, आणि गॅदरिंग नि फॅन्सी ड्रेसला लागणारे लहान पोरांचे ड्रेस हे माझं आवडीचं काम. कृष्ण, झाशीची राणी, वासुदेव, भाजीवाली, परी, हे सगळं माझ्या मशीनवरून किती वेळा गेलंय ते मोजलेलं नाही. गेल्या काही वर्षांत त्यात ऑक्टोबरच्या शेवटी अजून एक गर्दी व्हायला लागलीय, ती हॅलोविनची. नर्सरीवाले, सोसायटीवाले, मुंबईहून सुट्टीला आलेली नातवंडं, सगळ्यांना भुताचे ड्रेस हवे असतात. हे पत्र त्याबद्दलच आहे, जरा लांबलंय, पण जमेल तेवढं छापा ही विनंती.

आधीच सांगते, हॅलोविन आपलं की परकं या वादात मला पडायचं नाहीये. ३१ ऑक्टोबरची ही रात्र मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडची, सुगी संपून थंडीचे काळोखे दिवस सुरू होतात तेव्हाची, तिथून ती लोकांबरोबर अमेरिकेत गेली आणि तिकडे पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरायला लागली. १ नोव्हेंबरला ख्रिश्चनांचा सर्व संतांचा सण असतो, त्याची आदली संध्याकाळ म्हणून ते नाव. आमच्या शेजारच्या ख्रिश्चन मावशी २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावून येतात, त्यात कवट्या नि रक्त कुठेच नसतं. आणि सोंग घेऊन घरोघर जाणं आपल्याला तरी कुठे नवीन आहे? शिमग्यात गुहागर-दापोलीकडे काळे कपडे, उंच टोपी नि कमरेला घुंगरं बांधून संकासुर येतोच की, आणि इकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्याला दिवाळीच्या आदल्या रात्री पोरं जागून नरकासुर करतात. २०२४ ला तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती, आमच्या आळीतल्या पोरांनी पहाटे कारीट फोडलं आणि संध्याकाळी व्हॅम्पायरचे दात लावले. तर पोरांनी भुताखेतांशी खेळावं याला माझी ना नाही. फक्त सोंग घेणारं पोर केवढं आहे ते आधी बघा, एवढंच सांगायला बसलेय.

गेल्या वर्षीची गोष्ट. साडेतीन वर्षांच्या एका बाबूची आई तीन दिवस आधी माझ्याकडे आली. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला होता की सगळ्या मुलांनी स्केरी ड्रेस घालूनच यायचं. तिने ऑनलाइन सांगाड्याचा ड्रेस मागवला होता, काळा पॉलिस्टरचा एकसंध जंपसूट, त्यावर पांढरी हाडं छापलेली, चेन पाठीमागे, आणि डोक्यावरून पूर्ण घालायचा रबराचा मुखवटा. साइज पाच-सहा वर्षांची घेतली होती, पुढच्या वर्षी पण होईल म्हणून, आणि मला पाय आखूड करून दे म्हणाली. मी चार बोटं दुमडून टाका मारून दिला. माझ्या हातात तो मुखवटा होता, नाकाला दोन भोकं आणि डोळ्यांची भोकं पोराच्या डोळ्यांच्या खाली येतायत हे मला दिसत होतं, तरी दुकानात गर्दी होती म्हणून मी बोलले नाही. ते मला आजही टोचतं.

त्या दिवशी काय झालं ते त्या आईनेच नंतर सांगितलं. वर्गात शिरल्याबरोबर समोर एक रक्ताळलेला जोकर, दुसरीकडे कुऱ्हाड डोक्यात घुसलेली एक मुलगी, आणि त्याची रोजची टीचर, जिच्या मांडीवर तो बसायचा, ती पांढरं तोंड नि काळे ओठ करून उभी. त्याने तिला ओळखलंच नाही. तो रडायला लागला, मुखवट्यात घाम नि शेंबूड, आणि त्यात शी-शूला जायचं तर पाठीमागची चेन कोणाला पटकन निघेना. भर वर्गात त्याचे कपडे ओले झाले. तुम्ही म्हणाल एवढ्याशा पोराचं काय, विसरेल. तो महिनाभर न्हाणीत एकटा जात नव्हता, संध्याकाळी दिवा लावल्यावर परसाच्या दाराकडे बघायला पण तयार नव्हता, आणि शाळेचं नाव काढलं की "माका नको, माका नको". त्या पोराने काय केलं होतं म्हणून त्याला ही शिक्षा?

आता मी दशावताऱ्याची मुलगी आहे, मला सोंगाचं वावडं नाही. माझे वडील दशावतारी नाटकात राजाची कामं करायचे, तुळशीचं लग्न झालं की पेटारा बांधून जत्रांना निघायचे. मी चारेक वर्षांची असताना आईने मला पहिल्यांदा जत्रेत नेलं. ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, आधी गणपती येतो, भटजी येतो, सरस्वती येते, आणि मग संकासुर, सगळा काळा, तोंडावर पण काळं, आणि मालवणीत बोलून सगळ्यांना हसवतो. मोठी माणसं हसत होती आणि मी किंचाळत होते. आईला मला उचलून देवळाच्या मागे न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी काय केलं, तर मला नाटक सुरू व्हायच्या आधीच रंगपटात नेऊन बसवलं. कंदिलाच्या उजेडात, पेटाऱ्यावर. संकासुर करणारे काका बनियनवर बसून विडी ओढत होते. मग त्यांनी माझ्यासमोर काळा अंगरखा चढवला, मध्येच थांबून मला खाजं दिलं, मग तोंडावर काळं कापड घेतलं, परत वर केलं आणि म्हणाले, "अगो बाय, मिया तोच मा!" पाच-सहा वेळा असं केलं त्यांनी, कापड खाली, कापड वर. शेवटी मीच ते खाली ओढायला लागले. त्या रात्री मी पहिल्या रांगेत बसले आणि विष्णूने संकासुराला मारलं तेव्हा मला वाईट वाटलं.

वडिलांना हे कुणी शिकवलं नव्हतं, मंडळात लहान पोरांना असंच सांभाळून घ्यायचे. पण याच्यामागे शास्त्र आहे हे मला आत्ता कळलं. माझी सून अंगणवाडी सेविका आहे, तिने मला एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९६९ साली अमेरिकेत रीटा डीव्ह्रीस नावाच्या बाईंनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक गरीब मांजर दाखवलं, त्याचं नाव मेनार्ड. मुलांनी त्याला हात लावला, गोंजारलं. मग मांजराचं पुढचं अंग आडोशाला घेऊन त्याच्या तोंडावर चिडक्या कुत्र्याचा मुखवटा बसवला, आणि हे करताना मांजराचं मागचं अंग, शेपटी, सगळं मुलांना दिसतच होतं. नंतर विचारलं, आता हा कोण? तीन वर्षांची बरीचशी मुलं म्हणाली कुत्रा. आत्ता हात लावला होता त्या मांजराला, तरी मुखवटा बसल्याबरोबर ते त्यांच्यासाठी खरंच कुत्रा झालं. सहा वर्षांच्या मुलांना कळलं की मुखवट्याखाली मांजरच आहे. हे ऐकलं आणि मला तो साडेतीन वर्षांचा बाबू आठवला. त्याची टीचर त्याच्यासाठी सोंग घेऊन उभी नव्हतीच, ती गेलीच होती, आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं. आपण त्याला "घाबरतो काय, ती टीचरच आहे" असं हसून म्हणतो तेव्हा आपल्याला जे दिसतं ते त्याला दिसत नसतं.

म्हणून माझं मत असं झालंय की सहा वर्षांखालच्या पोराला तोंड झाकणारा मुखवटा नको, रक्त नको, आणि त्याच्या वर्गात टीचरने पण तोंड रंगवून उभं राहू नये, रंगवायचंच तर पोरांसमोर बसून रंगवावं, पोरांच्या हातात ब्रश द्यावा.

सहा महिन्यांच्या बाळांचे ड्रेस घेऊन पण लोक येतात, भोपळा कर, मधमाशी कर, फोटोसाठी. करते मी, पण गळ्याशी नाडी लावत नाही, डोक्याला घट्ट इलास्टिक लावत नाही, आणि मोती, टिकल्या, बटणं शिवत नाही कारण त्या वयात जे हाताला लागेल ते तोंडात जातं. फोटो काढा आणि लगेच उतरवा. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे पाऊस गेलेला असतो, वारा पडलेला असतो, मोठी माणसं उकाड्याने हैराण असतात आणि आपण बाळाला फर कापडात गुंडाळतो. बाळाला सांगता येत नाही, गळ्यावर नि काखेत घामोळं उठल्यावर आपल्याला कळतं.

दोन ते चार वर्षांच्या पोराला रोजचा सुती शर्ट-चड्डी घालू द्या आणि त्याच्यावर सोंग चढवा. माझ्याकडे आता अशाच ऑर्डर मी घेते. लाल बनियन, पाठीला फोमचं कवच आणि बाजूला कापडाच्या आकड्या, झाली कुर्ली, म्हणजे खेकडा. हिरवा टी-शर्ट नि पाठीला कवच, झालं कासव. ही कासवं तर आपल्याच किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, वेळासला बघायला लोक लांबून येतात, मग आपल्या पोराने डायनासोरच व्हायला पाहिजे असं थोडंच आहे. फणस केला होता एकदा, हिरव्या फोमचे काटे कापून, ते पोर पडवीत लोळत होतं आनंदाने. चड्डी वेगळी असली की शी-शूचा प्रश्न मिटतो, हे आयांना सांगावं लागतं कारण फोटोत ते दिसत नाही. डोक्यावरचं काही त्या वयात दहा मिनिटांच्या वर टिकत नाही, त्यावर पैसे घालू नका. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही असं आपण म्हणतोच, आणि एका संध्याकाळच्या ड्रेसला आठशे-हजार घालणारी माणसं माझ्याकडे हप्त्याने पैसे देतात तेव्हा मला बरं वाटत नाही.

पाच-सात वर्षांची पोरं म्हणजे सुपरहिरो. या वयात त्यांना सोंग कळतं पण पूर्ण नाही, केप घातली की उडता येईल असं अर्धं खरं वाटतं. आपल्या घरांना ओटे उंच, परसात विहीर, काहींचे कठडे गुडघ्याएवढे, झोपाळे, पेरूची झाडं. केप घातलेलं पोर नजरेआड करू नका. आणि केपची गळ्याला गाठ मारायची नाही, मी खांद्यावर वेलक्रोचे दोन तुकडे लावते, कुठे अडकली तर केप सुटून मागे राहते आणि पोर पुढे जातं. लांबी पण घोट्याच्या वरच ठेवते. पायात रोजचेच चप्पल-बूट, आईच्या उंच टाचा नकोत.

आगीचं जरा नीट सांगते, कारण हे माझ्या कामातलं आहे. ऑनलाइन येणारे बहुतेक ड्रेस पॉलिस्टर, नेट नि सॅटिनचे असतात. हे कापड पेटलं की वितळतं आणि अंगाला चिकटतं. बऱ्याच जणी म्हणतात मग सुती घेतो. सुती वितळत नाही हे खरं, पण पेटतं तेही, आणि पातळ सुती तर भसकन पेटतं. म्हणून कापडाइतकाच घेर महत्त्वाचा. लोंबत्या बाह्या, चेटकिणीचा घोळदार झगा, परीचा नेटचा फुगा, हे सगळं आपल्या नकळत ज्योतीवर जातं. २०१४ ला इंग्लंडमध्ये हॅलोविनच्या रात्रीच एका प्रसिद्ध टीव्ही निवेदिकेच्या आठ वर्षांच्या मुलीचा ड्रेस मेणबत्तीवर पेटला आणि ती चांगलीच भाजली, त्यानंतर तिथे सोंगाच्या कपड्यांबद्दल बरीच चर्चा झाली. आपल्याकडे तर हे दिवस पणत्यांचे, ओट्यावर, तुळशीपाशी, पायरीवर जमिनीलगत ज्योत, म्हणजे बरोबर पोराच्या झग्याच्या उंचीवर. भोपळा कोरून आत दिवा ठेवायचा असेल तर बॅटरीचा ठेवा. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि खेळण्यांच्या आगीबद्दलच्या मानकात, आयएस ९८७३ च्या भाग २ मध्ये, खोट्या दाढ्या, विग, मुखवटे आणि खेळायचे सोंगाचे कपडे पण येतात. ड्रेस मागवताना कोण हे बघतं? मी आता गिऱ्हाईकाला पाकीट उलटं करून बघायला सांगते.

आणि बॅटरीचं म्हटलं म्हणून, त्या लुकलुकणाऱ्या शिंगांमध्ये, कांड्यांमध्ये, बुटांमध्ये चपटे बटण सेल असतात. ते पोराने गिळले आणि अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत आतून जाळतात. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ती वस्तू घरात आणू नका. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा.

तोंड रंगवायचं असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडा रंग लावून ठेवा, लाल झालं तर तो रंग नको. वॉटर कलर किंवा पोस्टर कलर तोंडाला अजिबात नाही, मी असे प्रकार बघितलेत. उतरवताना घासू नका, वडील खोबरेल तेल लावून थोडा वेळ थांबायचे आणि मऊ कापडाने पुसायचे, त्यांच्या चेहऱ्याला वर्षानुवर्षं तेच केलं. मोठ्या मुली हल्ली डोळ्यात रंगीत लेन्स घालायचं म्हणतात, मांजरीचे डोळे, पांढरे डोळे. डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही म्हणजे नाही. अमेरिकेत तर चिठ्ठीशिवाय अशा लेन्स विकायला कायद्यानेच बंदी आहे.

आठ-दहा वर्षांपुढची पोरं वेगळी. त्यांना घाबरायला नि घाबरवायला मजा येते आणि ती त्यांना मिळायला पाहिजे. आपल्या भागात तर भुतांची काय कमी, खवीस, गिऱ्हा, देवचार, मुंजा, हडळ, समंध, आज्जीकडून ऐकलेल्या गोष्टी असतात सगळ्यांकडे. गेल्या वर्षी चौथीतली एक मुलगी आली आणि म्हणाली मला गिऱ्हा व्हायचंय, पाण्यातलं भूत. आम्ही दोघींनी बसून जुन्या जाळ्याचा तुकडा, हिरव्या नि करड्या चिंध्या, दोऱ्यात ओवलेल्या शिंपल्या असं करून तो केला, ते जाळं तिच्या आजोबांचं मासे धरायचं, रापणीचं होतं. रक्ताचा एक थेंब नव्हता त्यात, पण दारात उभी राहिली तेव्हा मी पण दचकले. मात्र अशा पोरांना एक गोष्ट सांगून पाठवा, की समोर बारकं भावंड आलं तर मुखवटा वर करायचा आणि नाव सांगायचं. माझ्याकडून ड्रेस घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या पोराला मी हे सांगते, आणि ती करतात बरं का.

बारा-तेराच्या मुलींचा विषय नाजूक आहे पण बोलायला हवा. ऑनलाइन त्या वयाला जे ड्रेस दाखवतात ते बाईच्या मापाचे असतात, आखूड, घट्ट, चेटकीण म्हणायची आणि अंगावर काही नाही. मुलगी आईच्या आग्रहाने, नाहीतर मैत्रिणींनी घेतला म्हणून घेते आणि माझ्याकडे ट्रायलला आली की सारखी ड्रेस खाली ओढत असते. हात सारखा खाली जातोय म्हणजे तिला तो नकोय. विचारा तिला, ओरडू नका, विचारा. मी बाह्या लावून देते, घेराला पट्टी लावून देते, आत स्लॅक्स शिवून देते, चेटकीण तेवढीच चेटकीण राहते.

आणखी एक. वेडा, भिकारी, लंगडा, कातकरी, मुलाने साडी नेसून चेष्टेची बाई, ही सोंगं मी शिवत नाही. दशावतारात पुरुष बायकांची कामं करतात, राधा करतात, राणी करतात, आणि बघणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात. कुणाच्या तरी हालाची नक्कल पोराच्या अंगावर चढवून त्याला बक्षीस दिलं तर ते पोर काय शिकलं?

रस्त्याचं पण लिहिते. अमेरिकेत १९७५ ते २०१६ या काळातल्या अपघातांचा अभ्यास झालाय, त्यात बाकीच्या संध्याकाळींपेक्षा हॅलोविनच्या संध्याकाळी गाडीखाली येऊन पायी चालणारे मरण्याचं प्रमाण ४३ टक्के जास्त निघालं. तिकडे फुटपाथ असतात. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला थेट दगडी गडगा, वळणावर दिवा नाही, दिवाळीच्या सुट्टीत बाहेरच्या गाड्या, आणि पोरं डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात. मी आता काळ्या ड्रेसच्या पाठीवर नि बाह्यांवर चमकणारी पट्टी शिवते, गाडीचा उजेड पडला की लांबून दिसते. पन्नास रुपयांचं पण काम नाही ते.

शाळांना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही मेसेज पाठवता त्यात दोन ओळी वाढवा. नर्सरी ते सिनियर केजीला मुखवटा, रक्त, हत्यार नको, आणि ड्रेस घालायचा की नाही ते मुलाने ठरवायचं, साध्या कपड्यात आला तरी चालेल. आणि मेसेज तीन दिवस आधी नको, पंधरा दिवस आधी पाठवा, म्हणजे घरी काही करता येईल, पोराला दोन-तीनदा घालून सवय करता येईल. आरशासमोर आईने चढवायचं, पोराने काढायचं, परत चढवायचं. रंगपटात माझ्यासाठी केलं तसंच.

तो बाबू आता साडेचार वर्षांचा आहे. परवा त्याची आई त्याला घेऊन आली होती, मी त्याला विचारलं यंदा कोण होणार? तो बराच वेळ मशीनचं चाक फिरवत बसला, मग म्हणाला, "आज्जी, मी लायटीचो दादा." त्यांच्या वाडीत वीज गेली की खांबावर चढतो तो वायरमन. पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा, खिशात लाकडी पक्कड, सगळं माझ्याकडे आहे. माप घेऊन ठेवलंय, शिवायला बसतेय.

आपली,
शिवणकाम करणारी एक आज्जी, कुडाळ